चढावर मांड्यांची आग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात सायकलस्वारांच्या आहाराविषयी लिहिले होते, परंतु त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख पोटाकडे नसून पायांकडे आहे. कोणाच्या मांड्या पेटतात, कोणाचे पाय भरून येतात, कोणाच्या पोटरीत गोळा येतो, तर कोणाला दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. या चार तक्रारींसाठी मराठीत चार वेगळे शब्दप्रयोग असताना पत्रलेखकांनी मात्र त्या सर्वांचा दोष एकट्या लॅक्टिक ॲसिडवर टाकला आहे. त्यांतील चार पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत.

प्रश्न : माझे वय ४३ असून मी साताऱ्यात बँकेत नोकरी करतो. दोन वर्षांपासून हायब्रिड सायकल चालवतो. सपाटीवर चाळीस किलोमीटर सहज होतात, पण यवतेश्वरचा घाट चढताना पहिल्या दहा मिनिटांतच मांड्यांच्या पुढच्या भागाची अशी आग होते की उतरून उभे राहावे लागते. विशेष म्हणजे त्या वेळी दम फारसा लागलेला नसतो. थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत आग शमते आणि पुढे पुन्हा तेच होते. सोबती सांगतात, "सहन कर, सवय होईल." माझ्या सायकलला पुढे तीन आणि मागे सात गिअर आहेत; पुढचे सर्वांत लहान चेनव्हील (पेडलजवळचे दातेरी चक्र) मी वापरत नाही, कारण ते नवशिक्यांसाठी असते असे ऐकले आहे.

उत्तर : आपल्या पत्रातील दोन वाक्ये माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहेत. दम फारसा लागलेला नसतो हे एक, आणि लहान चेनव्हील वापरत नाही हे दुसरे. आपल्या दुखण्याचे कारण आणि उपाय, दोन्ही बहुतांशी या दोन वाक्यांत आले आहेत.

आधी आग कशाची होते ते पाहू. स्नायू काम करतो तेव्हा त्याला लागणारी ऊर्जा मुख्यतः दोन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग प्राणवायूचा. तो संथ, पण तासन्‌तास चालणारा. दुसरा मार्ग साखरेचे प्राणवायूविना झटपट विघटन करण्याचा. तो वेगवान आहे, पण त्या वेगात लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचे शरीरात आढळणारे रूप) तयार होते, हायड्रोजनचे आयन वाढून स्नायूतील आम्लता वाढते, फॉस्फेट साचते आणि पोटॅशियम पेशींबाहेर जमा होते. हे सर्व पदार्थ सतत वाहून नेले जात असतात, वापरलेही जात असतात. न्हाणीघरातला नळ बारीक सोडला तर मोरीत पाणी दिसतही नाही. नळ पूर्ण सोडला की मोरी तीच असूनही पाणी तुंबते, तसा हा प्रकार आहे. हे तुंबणे स्नायूंतील बारीक मज्जातंतूंना जाणवते आणि मेंदूपर्यंत पोहोचते ते "आग" या रूपात. येथे काही फाटलेले किंवा तुटलेले नसते, म्हणूनच थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत ती शमते. खऱ्या दुखापतीची वेदना इतकी समजूतदार नसते.

एकट्या लॅक्टेटवर हा आरोप टिकत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांच्या अंगठ्याच्या स्नायूत लॅक्टेट, आम्लता आणि एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारे द्रव्य) ही द्रव्ये आधी वेगवेगळी व नंतर एकत्र टोचण्यात आली. एकेकट्या द्रव्याने विशेष काही जाणवले नाही. तिन्ही एकत्र गेल्यावर मात्र प्रमाण वाढेल तसा आधी थकवा, जडपणा आणि मग दुखरी, तापल्यासारखी संवेदना होऊ लागली, आणि तीही अंगठा स्वस्थ असताना. शिवाय मॅकआर्डल नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक विकारात स्नायूंना साठवलेली साखर वापरताच येत नाही, त्यामुळे श्रमानंतर लॅक्टेट जवळपास वाढत नाही. तरीही त्या रुग्णांचे स्नायू लवकर थकतात आणि दुखतात.

आता आपल्या घाटाकडे वळू. समजा आपले वजन ७० किलो, सायकल व पाण्याच्या बाटल्या मिळून १२ किलो आणि चढ सरासरी सात टक्के आहे. ताशी ९ किलोमीटर वेगाने चढायचे तर साधारण १५० वॅट शक्ती लागते. ही शक्ती कोणत्याही गिअरमध्ये तितकीच लागते. गिअरने बदलते ते इतकेच की ती शक्ती आपण मोजक्या जड फेऱ्यांत देता की अधिक हलक्या फेऱ्यांत. आपल्यासारख्या अनेक हायब्रिड सायकलींना पुढे ४८, ३८ आणि २८ दात्यांची चेनव्हील असतात आणि मागे फ्रीव्हीलवर सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे असते. पुढे ३८ आणि मागे २८ ठेवल्यास पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.८५ मीटर पुढे जाते, म्हणजे त्या वेगाला मिनिटाला ५३ च्या आसपास फेऱ्या पडतात. पुढचे लहान २८ चे चेनव्हील घेतले की त्याच वेगाला ७१ फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला लागणारा जोर चौथ्या हिश्शाने कमी होतो.

हा चौथा हिस्सा किरकोळ नाही. पेडलवर जितका जोर द्यावा लागतो तितके स्नायूतील जलद तंतू अधिक कामाला लागतात, आणि झटपट साखर जाळण्याचा मार्ग प्रामुख्याने हेच तंतू वापरतात. त्यात भर म्हणजे जोरात आवळलेला स्नायू स्वतःतल्याच रक्तवाहिन्या दाबतो. म्हणजे नळ मोठा सोडायचा आणि त्याच वेळी मोरीच्या जाळीवर पाय ठेवायचा, असे दुहेरी नुकसान होते. फेऱ्या वाढवल्याने हृदयाची धडधड आणि दम वाढतील, हेही आधीच सांगून ठेवतो. पण आपला दम शिल्लक असताना मांड्या संपतात, याचा अर्थ फुप्फुसांच्या खात्यात पैसे पडून असताना आपण मांड्यांच्या नावावर उधारी करत आहात. मिनिटाला ७० ते ८० फेऱ्या पडतील असा गिअर घाट सुरू होण्यापूर्वी, सपाटीवर असतानाच लावावा; चढावर जोर देत असताना पुढचे गिअर बदलायला गेल्यास साखळी कुरकुरते, अडकते, कधी उतरतेही.

लहान चेनव्हील नवशिक्यांचे, हा समज कोणी पसरवला ते मला ठाऊक नाही, पण तरुणपणी मीही त्याच पंथातला होतो. पुढे ३९ आणि मागे २५ दात्यांवर सिंहगड चढण्याचा हट्ट मी दोन पावसाळे केला आणि दोन्ही वर्षे शेवटच्या टप्प्यात सायकल हातात धरून चाललो. माझ्या बाजूने एक शाळकरी मुलगा पाय भराभर फिरवत, अगदी संथ वेगाने पुढे निघून गेला. त्याने वळूनही पाहिले नाही, हे त्याचे उपकार.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या वेगाची. घाटाच्या पायथ्याशी पाय ताजे असतात, सोबत्यांसमोर मागे पडायचे नसते आणि पहिली पाचशे मीटर ९ ऐवजी १३ च्या वेगाने जातात. चढावर शक्ती जवळपास वेगाच्याच प्रमाणात वाढते, म्हणजे आपण दीडपटीच्या जवळ जाणारा भार उचलत असता. तुंबलेली मोरी मग पुढच्या सबंध घाटात रिकामी होत नाही. पहिली पाच मिनिटे "हे फारच हळू चालले आहे" असे वाटले पाहिजे. घाटाआधी वीस मिनिटे सपाटीवर हलके पेडल मारणेही आवश्यक आहे, कारण थंड स्नायूंना प्राणवायूचा मार्ग पूर्ण उघडायला वेळ लागतो आणि तोवरची तूट दुसऱ्या मार्गानेच भरली जाते.

सीटही तपासा. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवण्याची सवय आहे; त्यामुळे गुडघा सतत जास्त वाकलेला राहतो आणि सारा भार मांडीच्या पुढच्या भागावर, म्हणजे आपण जेथे आग सांगता नेमक्या त्याच जागी येतो. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी आणि पेडल सर्वांत खाली न्यावे. त्या स्थितीत पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर आणला की गुडघ्यात योग्य तेवढा बाक आपोआप राहतो. एकदम मोठा बदल करू नये, दर आठवड्याला अर्धा सेंटिमीटर पुरे.

"सहन कर, सवय होईल" या सल्ल्यात थोडे तथ्य आहे, पण अर्धवट. सवय होते ती सोसण्याने कमी आणि मोरी रुंदावल्याने अधिक. नियमित, दीर्घ आणि हलक्या सायकलिंगने स्नायूंतील केशवाहिन्या व मायटोकॉन्ड्रिया (प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारे पेशींतील घटक) वाढतात, लॅक्टेट वाहून नेऊन इंधन म्हणून वापरण्याची क्षमता वाढते, आणि तोच घाट त्याच वेगाने कमी आगीत चढता येतो. म्हणून आठवड्यातील बहुतेक सायकलफेऱ्या सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल अशाच वेगाने कराव्यात. आठवड्यातून एकदा, महिनाभराने दोनदा, मधे किमान ४८ तास ठेवून जोराचा सराव करावा. चार मिनिटे चढावर नेटाने, मग चार मिनिटे अगदी हलके, असे चार वेळा. यात वेग बरोबर निवडला आहे की नाही याची कसोटी सोपी आहे. आग चौथ्या मिनिटात यावी. पहिल्याच मिनिटात आली तर वेग चुकला, आणि चौथी खेप पहिल्या खेपेइतकी लांब जात नसेल तरीही वेग चुकला. सहा ते आठ आठवड्यांत फरक दिसू लागतो. आपले वय चाळिशीपुढचे असल्याने हा सराव सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. चढावर छातीत दडपण किंवा जबड्यात, डाव्या हातात दुखणे जाणवल्यास तो मांड्यांचा प्रश्न नाही. तेथेच थांबावे आणि विनाविलंब डॉक्टरांना गाठावे.

प्रश्न : मी ठाण्यात राहते, वय ३६. रविवारी आमचा गट साठ-सत्तर किलोमीटर सायकल चालवतो. सोमवारी आणि मंगळवारी माझ्या मांड्या दुखतात, जिना उतरताना विशेष. मालिश करणाऱ्या बाई म्हणतात, साठलेले लॅक्टिक ॲसिड दाबून बाहेर काढावे लागते. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. जोराचे श्रम थांबल्यावर रक्तातील लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. हृदय ते इंधन म्हणून जाळते, यकृत त्याची पुन्हा साखर करते. आपण रविवारी घरी येऊन आंघोळ करून जेवायला बसता तोवर ते संपलेले असते, मग मंगळवारी बाहेर काढायला काही उरत नाही.

हा समज इतका चिवट का, याला थोडा इतिहास आहे. हे आम्ल १७८० साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने आंबलेल्या दुधातून वेगळे केले. आपल्या दह्याचा आंबटपणा त्याचाच. १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांना बेडकाच्या थकलेल्या स्नायूंत ते साठलेले आढळले, आणि स्नायूंच्या अभ्यासासाठी हिल व मायरहॉफ यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. थकलेल्या स्नायूत आम्ल सापडते, म्हणून आम्लानेच तो थकतो व दुखतो, असे समीकरण त्या काळात रूढ झाले. ते बेडकाचे स्नायू शरीराबाहेर काढलेले होते, त्यांना रक्तपुरवठाच नव्हता, ही गोष्ट मागे पडली. लॅक्टेट हे इंधन म्हणून एका पेशीतून दुसरीकडे जाते, हे १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील जॉर्ज ब्रुक्स यांनी मांडले. पण व्यायामशाळांतून आणि मालिशघरांतून अजून १९०७ च चालू आहे.

आपल्या सोमवारच्या दुखण्याचे कारण निराळे. सवयीपेक्षा अधिक भार आल्यावर स्नायूंच्या तंतूंत अतिसूक्ष्म हानी होते आणि तिच्या दुरुस्तीच्या वेळी दुखरेपणा येतो. तो एक ते तीन दिवसांत कळसाला पोहोचून मावळतो. स्नायू ताणला जात असताना जोर धरावा लागतो तेव्हा ही हानी जास्त होते, जसे गड उतरताना. सायकलिंगमध्ये असे ताणलेले काम थोडे असते, म्हणून एखाद्या ट्रेकनंतर जितके पाय दुखतात तितके सायकलने सहसा दुखत नाहीत. दर आठवड्याला दुखत असतील तर बहुधा सोमवार ते शनिवार सायकल भिंतीला टेकलेली राहते आणि सगळा हिशोब रविवारी चुकता होतो. आठवड्यात मधे दोनदा तासभर सायकल चालवा, फरक पडेल. मालिशने बरे वाटत असेल तर अवश्य करून घ्या. बाईंचे हात चांगले असू शकतात, स्पष्टीकरण चुकले म्हणून मालिश वाया जात नाही.

एक धोक्याची खूण मात्र येथेच लिहितो. बऱ्याच दिवसांनी किंवा पहिल्यांदाच खूप जोराचा व्यायाम केल्यावर मांड्या सुजून कडक झाल्या, दुखणे असह्य झाले आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला, तर घरी शेकत बसू नये. स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडांवर आलेली असू शकतात. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. बंद खोलीतल्या सायकलिंगच्या पहिल्याच वर्गानंतर असे झालेले रुग्ण वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहेत.

प्रश्न : मी नाशिकचा असून वय २४ आहे. शर्यतींत भाग घेतो. गेले सहा-सात महिने पूर्ण जोर लावला की फक्त डावी मांडी जळते आणि पाय सुजून घट्ट झाल्यासारखा वाटतो, ताकद जाते. वेग कमी केला की पाच मिनिटांत ठीक. उजव्या पायाला काहीच नाही. एक्स-रे आणि कमरेचा एमआरआय निर्दोष आला. "सराव वाढव" असे सांगण्यात आले.

उत्तर : सराव वाढवू नका. दोन्ही मांड्या पेटणे आणि एकच मांडी पेटणे यांत मोठा फरक आहे. सीट तिरकी असणे, बुटाखालची क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) एका बाजूला सरकलेली असणे किंवा पायांच्या लांबीत फरक असणे ही साधी कारणे आधी तपासावीत. ती नसतील तर ओटीपोटातून पायाकडे जाणाऱ्या बाह्य इलियाक धमनीचा विचार करावा लागतो. वर्षानुवर्षे पुढे वाकून, कंबर हजारो वेळा दुमडत जोराने सायकल चालवणाऱ्यांमध्ये या धमनीची भिंत काही वेळा जाड होते किंवा धमनीला बाक पडतो. विश्रांतीच्या वेळी रक्त पुरेसे जाते, म्हणून नेहमीच्या तपासण्या निर्दोष येतात. कमाल जोराच्या वेळी मात्र त्या पायाला रक्त अपुरे पडते. हा विकार दुर्मीळ असला तरी शर्यतपटूंमध्ये तो सुपरिचित आहे, आणि डाव्या बाजूला अधिक आढळतो.

आपण रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांना भेटावे आणि त्यांना एवढेच सांगावे की त्रास फक्त कमाल जोरावर होतो. सायकलवर पूर्ण दमवून उतरल्याबरोबर, पहिल्या मिनिटातच, दोन्ही घोट्यांपाशी रक्तदाब मोजला तर डाव्या पायाचा दाब उजव्यापेक्षा खूप खाली गेलेला दिसू शकतो. स्वस्थ झोपवून केलेल्या तपासणीत हे हाती लागत नाही. डॉप्लर तपासणीही (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) कंबर दुमडलेल्या स्थितीत करून पाहावी लागते. निदान होईपर्यंत त्रास होईल इतका जोर लावू नये.

याच ओघात कोल्हापूरच्या ६१ वर्षांच्या वाचकांनाही सांगतो. ते धूम्रपान करतात, त्यांना मधुमेह आहे, आणि सायकलवरच नव्हे तर बाजारात चालतानाही ठरावीक अंतरावर पोटरी दुखून थांबावे लागते. त्यांनी व्यायामाची पद्धत विचारली आहे. आधी पायांच्या रक्तवाहिन्या तपासून घ्याव्यात, याच आठवड्यात. त्याबरोबर विडीही सुटली पाहिजे, हे त्यांना ठाऊक असेलच.

प्रश्न : मी पुण्याचा, वय २९, वजन ६५ किलो. घाटाच्या शर्यतीची तयारी करतो आहे. आग जाणवू नये म्हणून शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेतली तर? आणि खाण्याचा सोडा पाण्यातून घेतल्याने आम्ल मारले जाते, असे मित्र म्हणतो.

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका प्रयोगातूनच मिळते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ सायकलपटूंच्या कण्यात फेंटॅनिल हे तीव्र वेदनाशामक औषध देऊन पायांकडून मेंदूकडे जाणारे संदेश मंद करण्यात आले आणि त्यांच्याकडून पाच किलोमीटरची वेळनोंद शर्यत करून घेण्यात आली. पायांची कुरबुर ऐकूच येत नसल्याने ते पूर्वार्धात नेहमीपेक्षा जोरात गेले, उत्तरार्धात कोसळले, आणि एकूण वेळेत काहीच लाभ झाला नाही. शर्यतीनंतर त्यांच्या मांड्या इतक्या गळाल्या की काहींना आधाराशिवाय चालता येईना. आग ही वेग ठरवण्यासाठी लागणारी माहिती आहे. ती बंद केली की डोळ्यांवर पट्टी बांधून घाट चढण्यासारखे होते.

साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ही आग विशेष कमी होत नाही. उलट घामाने शरीरातले पाणी घटलेले असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडांना त्रासदायक ठरतात. ट्रॅमाडॉल या तीव्र वेदनाशामकाचे नाव कोणी सुचवले तर लक्षात ठेवा की आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने २०१९ पासून शर्यतींत त्यावर बंदी घातली आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीतही आहे.

सोड्याबद्दल मित्र पूर्णतः चुकीचे सांगत नाही. सोडियम बायकार्बोनेट रक्तात आम्ल शोषण्याची क्षमता वाढवते, त्यामुळे स्नायूंतील हायड्रोजन आयन बाहेर पडायला मदत होते, आणि अर्ध्या मिनिटापासून दहा-बारा मिनिटांपर्यंतच्या अतिजोराच्या प्रयत्नांत त्याचा थोडा उपयोग दिसला आहे. पण प्रयोगांतील नेहमीची मात्रा किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे आपल्यासाठी जवळपास २० ग्रॅम. भजी हलकी व्हावीत म्हणून चिमूटभर घालतो तो पदार्थ चार चमचे पिण्याची ही गोष्ट आहे. त्यातून साडेपाच ग्रॅमच्या आसपास सोडियम पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा दोन ग्रॅमपेक्षा कमी आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडांचा विकार असलेल्यांनी तर हा विचारही करू नये. निरोगी माणसालाही मळमळ, पोटात मुरडा आणि जुलाब होण्याची शक्यता बरीच असते. आपला घाट चाळीस मिनिटांचा असेल तर या सगळ्या खटाटोपाचा लाभ जवळजवळ शून्य आहे, आणि मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटावर "घाटाचा राजा" होण्याचे मनात असेल तरी पोट बिघडलेल्या अवस्थेत खोपोलीच्या पुढे शौचालय शोधावे लागू नये, ही काळजी आधी घ्यावी. प्रयोग करूनच पाहायचा असेल तर शर्यतीच्या दिवशी नव्हे, एखाद्या सरावाच्या सकाळी, अर्ध्याहून कमी मात्रेत, आपल्या डॉक्टरांना विचारून आणि घराजवळच करावा.